समोरच्या काकांचं मिटलेलं दुखणं

‘‘किडनीचा त्रास? छे हो, सिस्टर! आमचं तिचं आता काही वाकडं नाही.’’

मंचरच्या स्कॅन सेंटरमध्ये काउंटरपाशी उभे राहून काका हे म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या चपला, त्यांची पिशवी आणि माझी पाण्याची बाटली सांभाळत मागच्या बाकावर बसले होते. सिस्टर हसली. बाकावरची माणसंही हसली. तळेघरच्या बाजूनं आलेली एक बाई शेजारणीला कोपर मारून म्हणाली, ‘‘म्हातारं लई गमतीचं हाय, बाई.’’ सिस्टरनं ते उत्तर ‘नाही’ असं धरलं आणि पुढचं विचारलं. दमा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, शुगरची गोळी चालू आहे का. काकांनी या सगळ्यांना खरी उत्तरं दिली. खोटं ते एकदाच बोलले होते, आणि त्यांच्या मते तेही खोटं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांच्या हाताच्या शिरेतून रंगाचं औषध सोडायचं होतं. त्यामुळे मशीनमध्ये पोटाच्या आतलं नीट उठून दिसतं. हे औषध नंतर किडनीतून बाहेर पडतं, आणि काकांची किडनी मागे एकदा इतकी बिघडली होती की त्यांना पुण्याच्या दवाखान्यात बरेच दिवस काढावे लागले होते. त्या खोलीत हे दोघांनाच माहीत होतं, काकांना आणि मला. काकांनी सांगायचं नाही असं ठरवलं होतं, आणि मी तर कुणाला कधीच काही सांगत नसे.

आमच्या समोरच्या काकांइतका माफ करणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी सापडायचा नाही. माफ सगळेच करतात. माझी आई माझ्या आत्याला दर दिवाळीला माफ करते आणि भाऊबीजेपर्यंत सगळं परत आठवते. काकांचं तसं नव्हतं. ते जैन. त्यांचे पणजोबा राजस्थानातून बेल्ह्याला आले आणि बैलबाजाराच्या आधारानं दुकान घालून इथलेच झाले. पर्युषणाच्या, म्हणजे त्यांच्या उपासाच्या पर्वाच्या, शेवटच्या दिवशी संवत्सरीला जगातल्या सगळ्या जिवांची क्षमा मागायची आणि सगळ्यांना क्षमा करायची, ही त्यांच्यातली रीत. त्याला ते खमतखामणा म्हणतात. बाकीचे लोक नातेवाइकांना फोन करतात, शेजाऱ्यांना हात जोडतात आणि मोकळे होतात. काका सकाळी निघायचे ते उन्हं डोक्यावर आली तरी फिरतच असायचे. घरोघर जायचे, मग चहाच्या टपरीवर, एसटीच्या कंट्रोलरकडे, मग झाडाखाली बांधलेल्या बैलांसमोर. बैलांपुढे तर ते खास वेळ उभे राहायचे, कारण त्यांच्या दुकानातल्याच दोरांनी ते बांधलेले असत. एका वर्षी त्यांनी आपल्या जुन्या स्कूटरलाही हात जोडलेले मी गॅलरीतून पाहिले. आदल्या आठवड्यात चढावर ती बंद पडली तेव्हा त्यांनी तिला लाथ मारली होती.

खरी गंमत पुढे होती. एकदा खमावलं, म्हणजे माफ केलं, की ती गोष्ट काकांच्या लेखी घडलेलीच नसे. ‘‘ते मिटलंय,’’ एवढं म्हणायचे आणि विषय संपला. गल्लीतलं एक कुत्रं त्यांना संवत्सरीच्या आदल्या दिवशी चावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला माफ केलं. मग सरकारी दवाखान्यात कंपाउंडर विचारतोय, ‘‘शेट, कुत्रं कोन्तं व्हतं? पाळीव का भटकं? आता कसं हाय ते?’’ आणि काका म्हणतायत, ‘‘कुठलं कुत्रं?’’ शेवटी काकूंनी कुत्र्याचं वर्णन सांगितलं आणि काकांनी सगळी इंजेक्शनं घेतली, पण ती कशाची आहेत हे कबूल न करता. टीव्हीवरच्या हिंदी मालिकेतली एक दुष्ट जाऊ त्यांनी अशीच माफ केली. त्यानंतर काकूंना त्या मालिकेबद्दल घरात अवाक्षर काढता येईना. ‘‘अहो, तिनं सुनेच्या दुधात काहीतरी मिसळलं!’’ असं काकू म्हणाल्या की काका शांतपणे म्हणत, ‘‘ते मागच्या महिन्यातलं. मिटलंय.’’ मग काकू उठून आमच्याकडे यायच्या आणि राहिलेली मालिका माझ्या आईला सांगायच्या.

आमची घरं समोरासमोर. आम्ही मूळचे पिंपळवंडीचे, शेती अजून तिकडेच आहे, पण वडिलांनी बेल्ह्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान घातलं, म्हणून इथे आलो. आल्या आल्याच वडिलांनी ट्रॅक्टर मागे घेताना काकांच्या दुकानाच्या पायरीचा कोपरा उडवला. वडील शरमेनं अर्धे झाले. काकांनी त्याच वर्षी ते खमावून टाकलं, आणि तेव्हापासून वडिलांची जी पंचाईत झाली ती कायमची. वडील गवंडी घेऊन जायचे आणि काका विचारायचे, ‘‘कशाला?’’ ‘‘पायरी दुरुस्त करायला, शेठ.’’ ‘‘पायरी तर चांगली आहे की, भाऊ!’’ गवंडी त्या तुटक्या दगडाकडे बघायचा, मग काकांकडे, मग वडिलांकडे, आणि चहा पिऊन परत जायचा. गिऱ्हाइकं तिथे हमखास ठेचकाळत. काका मात्र कधीच ठेचकाळले नाहीत. मी आमच्या खिडकीतून पुष्कळदा पाहिलंय. तोंडानं पायरी चांगली आहे म्हणायचे, पण त्या जागी आलं की त्यांचा उजवा पाय आपोआप थोडा वर उचलला जायचा.

दुकानही त्यांच्यासारखंच होतं. बैलाला लागणारं सगळं तिथे मिळे, कासरे, गोंडे, घुंगरमाळा, झुली, शिंगांचा रंग. फक्त वेसण आणि चाबूक मिळत नसत. नाकातून ओवायचं आणि पाठीवर मारायचं असं काही ते विकत नसत. बाजाराच्या दिवशी टेम्पोतून उतरलेले व्यापारी त्यांची टिंगल करायचे. ‘‘शेट, शिंगाला रंग हाय, पाठीला झूल हाय, आन येसन न्हाई? बैल काय तुमच्याकडं बघून चालायचा का?’’ काका दोर मोजता मोजता म्हणायचे, ‘‘नाकातलं न्हाई, पावणं. गळ्यातलं पायजे तेवढं घ्या.’’ दोर ते हातानं मोजत, आणि मोजून झाला की वर एक हात जास्त सोडत. याला ते ‘वरचं’ म्हणायचे. वरचं घातल्याशिवाय त्यांना काही देताच येत नसे. काकूंनी कोथिंबिरीची जुडी आणायला सांगितली तर पिशवी भरून येई आणि आमच्या घरी, शेजारच्या घरी, त्याच्या शेजारच्या घरी कोथिंबिरीच्या वड्या होत. कुणी पत्ता विचारला तर पत्ता सांगून झाल्यावर वरचं म्हणून त्याच्याबरोबर चालत जाऊन यायचे.

या वरच्यानंच त्यांच्या किडनीचा घात केला. काकांचे गुडघे दुखायचे, म्हणून कुणीतरी त्यांना दुखणं थांबवायच्या गोळ्या सांगितल्या. सांगणाऱ्यानं एक सांगितली, काकांनी वर एक घातली, आणि कुणाला न विचारता ते महिनोन्‌महिने चालू राहिलं. मग पाय सुजले, तोंड सुजलं, जेवण जाईना. वडिलांनी त्यांना जीपमध्ये घालून पुण्याला नेलं. सुदैवानं वेळेत नेलं. काका सुधारून परत आले तेव्हा काकूंनी आमच्या ओट्यावर बसून डॉक्टरांचं बोलणं इतक्या वेळा सांगितलं की ते मला पाठ झालं. किडनीला मार बसलाय; आता ती बरीच सावरली आहे; पण यापुढे कुठलंही औषध घेताना, कुठलीही तपासणी करताना आधी हे सांगायचं. हे सगळं ऐकून काकांनी काय केलं? त्या वर्षीच्या संवत्सरीला सगळं गाव खमावून झाल्यावर ते आपल्या ओट्यावर बसले, दोन्ही हात कमरेवर मागच्या बाजूला ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘‘मी तुला त्रास दिला, तू मला त्रास दिलास. खमतखामणा.’’ काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून किडनीचा विषय बंद. घरात कुणी नुसतं ‘पुण्याला गेलो होतो तेव्हा’ असं म्हटलं तरी काका उठून जायचे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. मला आळेफाट्याच्या रस्त्यावरच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत घातलं होतं. शाळेत मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि घरी इंग्रजी शब्द आला की हशा, म्हणून मी दोन्हीकडे गप्प राहायला लागले. पुढे ती सवयच झाली. पाहुणे आले की आई म्हणायची, ‘‘एवढी फी भरली, आन पोरीच्या तोंडातून शब्द निघंना.’’ आत्या म्हणायची, ‘‘आपल्याशी कशाला बोलंल? लई शिकलेली हाय ती.’’ मी खाली बघत बसायचे. एकट्या काकांना माझ्या गप्प बसण्यात दोष दिसला नाही. त्यांच्यात मौनाचं व्रत करतात, आणि मी ते करते आहे असं ते एकदा जे धरून चालले ते कायमचं. गल्लीतल्या बायका मला छेडायला लागल्या की दुकानातून ओरडायचे, ‘‘छेडू नका तिला, तिचं मौन चालू आहे!’’ मला ते मौनी म्हणत. रस्त्यात भेटले की उपास करणाऱ्या माणसाला विचारतात तसं आदरानं विचारायचे, ‘‘साता आहे ना, मौनी?’’ म्हणजे, सगळं सुखरूप आहे ना. मी मान हलवायची, आणि ते समाधानानं पुढे जायचे. उत्तराची वाट न बघणारा तेवढा एकच माणूस मला माहीत होता.

काकांच्या पोटात अधूनमधून कळ यायला लागली आणि आळेफाट्याच्या डॉक्टरांनी रंगाचं औषध देऊन स्कॅन काढून आणा असं सांगितलं, तेव्हा काकूंचे गुडघे धरलेले होते आणि त्यांची मुलगी पुण्यात. मला कॉलेजला सुट्टी होती. आई म्हणाली, ‘‘हिला न्या की, शेठ. रिपोर्ट इंग्लिशमधी असतो, वाचून तरी दाखवील.’’ वाचण्यापुरतं माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता. सेंटरमधून फोनवर सांगितलं होतं की स्कॅनच्या आधी चार तास काही खायचं नाही, पाणी भरपूर प्यायलं तरी चालेल. चार तास उपाशी राहणं काकांना फारच किरकोळ वाटलं. सूर्यास्तानंतर ते एरवीही पाणी पीत नाहीत. त्यांनी आदल्या दिवशी दुपारीच ताट बाजूला सारलं आणि पाणीही सोडलं. जीपमध्ये नारायणगावच्या अलीकडे मी माझी बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती हळूच मागे सारली. ‘‘मौनी, त्यांनी चार तास मागितले. आपण वरचं घालतोय.’’ मी बाटलीकडे बोट केलं आणि मान डोलावली, म्हणजे पाणी चालतं असं सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, ‘‘चालेल म्हणाले ना? म्हणजे नाही प्यायलं तरी चालेलच.’’ मग खिडकीतून टोमॅटोचे मळे बघत म्हणाले, ‘‘आयुष्यभर बैलांच्या शिंगांना रंग विकला. आज मला आतून रंगवणार आहेत, बघ. पोळाच म्हणायचा.’’ त्यांचे ओठ तेव्हाच सुकून पांढरे पडले होते.

तर, मंचरच्या त्या बाकावर मी बसले होते आणि काकांनी किडनीशी आपलं काही वाकडं नाही म्हणून सांगून टाकलं होतं. सिस्टर त्यांना पडद्यामागे घेऊन गेली. हाताला सुई लावताना त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ‘‘दुखलं का, काका?’’ ‘‘दुखलं, पण मी तुम्हाला माफ केलं.’’ पुन्हा सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या डोक्यात एक वाक्य तयार होत होतं. ते आधी इंग्रजीत तयार झालं, मग मराठीत, आणि मग दोन्हीकडून मोडलं. बोलायचं म्हणजे नुसतं बोलायचं नव्हतं. भरल्या खोलीत, परक्या माणसांसमोर, काकांना खोटं पाडायचं होतं. त्यांनी हात जोडून मिटवलेली गोष्ट मी उकरायची होती. माझं गप्प बसणं ज्यांनी कधी उकरलं नाही, त्यांची. मला वाटलं, सिस्टर पुन्हा एकदा विचारील. मला वाटलं, आतल्या डॉक्टरांना मशीनमध्ये दिसेलच काहीतरी. न बोलणाऱ्या माणसाला अशा पुष्कळ गोष्टी वाटतात.

पडदा बाजूला झाला. काका बाहेर आले. एक हात जपून पोटाशी धरलेला, चेहऱ्यावर लग्नाला निघाल्यासारखा उत्साह. स्कॅनच्या खोलीचं जाड दार सिस्टरनं उघडलं. दाराला एक बारीकसा उंबरा होता, आणि वाळलेल्या ओठांनी काहीतरी गमतीचं बोलत काका त्याला ठेचकाळले. सिस्टरनं दंड धरला म्हणून पडले नाहीत. बाकावरच्या त्या बाईनं जीभ चावली. मी मात्र त्यांच्या उजव्या पायाकडे बघत होते. घरच्या पायरीवर तो पाय आपोआप वर उचलला जायचा. माफ केलेली पायरी तुटलेलीच आहे हे पायाला माहीत होतं. किडनीचं तसं नव्हतं. तिच्यासाठी पाय उचलणारं त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. एक मी होते, आणि मी चपला सांभाळत बसले होते.

मी उभी राहिले. चपला खाली पडल्या, बाटली बाकाखाली गेली. दार लागत आलं होतं. मी ते हातानं धरलं आणि बोलले. आवाज इतका चिरका निघाला की तो माझा आहे हे मला पटायला वेळ लागला. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. ‘‘काका? ही काय म्हणतीये?’’

काका ‘ते मिटलंय’ असंसुद्धा म्हणाले नाहीत.

आतून डॉक्टर आले. तरुण होते, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. त्यांनी काकांना खुर्चीवर बसवलं आणि शेजारी स्वतः बसले. ‘‘बरं झालं कळलं ते,’’ ते म्हणाले. ‘‘घाबरायचं कारण नाही. किडनीचा जुना त्रास आहे म्हणून हे औषध देताच येत नाही, असं नसतं, काका. तुमच्यासारख्या पुष्कळांना देतो आम्ही. पण आधी रक्त तपासून किडनी आज कशी आहे ते बघतो, पाणी नीट प्यायला लावतो, औषध किती द्यायचं ते ठरवतो. कधी कधी रंगाशिवायसुद्धा काम भागतं. आम्हाला माहीत असलं की झालं. आणि पाणी कधी प्यायलात शेवटचं?’’ काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘‘काल दुपारी. मी वरचं घातलं होतं.’’ डॉक्टरांना वरचं म्हणजे काय ते समजलं नाही, पण ओठ त्यांना दिसत होते. सिस्टर म्हणाली, ‘‘अहो, काका, पाणी प्या म्हणून सांगितलं होतं ना फोनवर! उपाशी राहायला सांगितलं, वाळत घालायला नाही.’’

त्यांनी रक्त घेतलं आणि पाण्याचा जग आणून ठेवला. बाकाखालची बाटली मी काढून पुसली आणि काकांपुढे धरली. मला वाटत होतं की आता हे माझ्याशी कधी बोलणार नाहीत. काकांनी बाटली घेतली, झाकण उघडलं, आणि परत माझ्याच हातात दिली.

‘‘मौन सुटलं ना?’’ ते म्हणाले. ‘‘मग आधी तू पारणं कर.’’

उपास सोडणाऱ्याला पहिला घोट प्रेमानं पाजायचा, ही त्यांच्यातली रीत. मी एक घोट प्यायले. मग ते प्यायले, पहिल्यांदा हळू आणि मग घटाघटा. तळेघरची ती बाई शेजारणीला म्हणाली, ‘‘काय चाललंय काय यांचं?’’ शेजारीण म्हणाली, ‘‘जाऊ दे ना, त्यांच्या घरातलं असंल.’’

रक्ताचा आकडा त्या दिवशी डॉक्टरांना थोडा चढा वाटला. ‘‘आज नको,’’ ते म्हणाले, ‘‘पाणी पिऊन या.’’ त्यानंतर काकू काकांना तांब्या घेऊन पाणी पाजायला लागल्या, आणि काका दिवसाउजेडी पाण्यातही वरचं घालायला लागले, तेव्हा डॉक्टरांना फोन करून किती प्यायचं ते विचारावं लागलं. काही दिवसांनी पुन्हा गेलो. रक्त ठीक निघालं. डॉक्टरांनी बेतानं औषध दिलं, स्कॅन झाला, आणि नंतर पुन्हा रक्त तपासलं तेही ठीक होतं. पोटाचं दुखणं साधं निघालं, गोळ्यांनी बरं होण्यातलं. औषध शिरेत गेलं की अंगातून एक ऊब सरसरत जाते, ती काकांना फार आवडली. जीपमध्ये बसता बसता म्हणाले, ‘‘शिंगापासून शेपटीपर्यंत गरम, मौनी. पोळा झाला.’’

त्या संवत्सरीला ते आमच्या घरी आले. सगळ्यांना हात जोडून झाल्यावर माझ्यापुढे उभे राहिले. ‘‘तू उकरलंस,’’ म्हणाले, ‘‘मी खमावलं. आता हा विषय कुणी काढायचा नाही.’’ मी मान हलवली. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचा नियम मोडला. त्यानंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हा विषय काढून सांगत, आणि अर्थातच वरचं घालून. एकदा खिडकीतून मी ते ऐकलं. त्यात मी दार लाथेनं उघडलं होतं, फाडफाड इंग्रजी बोलले होते, डॉक्टर उभे राहिले होते आणि मशीन आपोआप बंद पडलं होतं. ऐकणारा शेतकरी म्हणाला, ‘‘समोरची? ती बोलती?’’ काका म्हणाले, ‘‘राव, ती एकदाच बोलली. तुम्ही-आम्ही रोज बोलतो, काय उपयोग?’’ आणि दोर मोजून वर एक हात सोडला.

आता ते दुकान बंद आहे. काकूंना जिना चढवेना, आणि मुलीनं दोघांनाही पुण्याला नेलं. बाजाराच्या दिवशी जुनी गिऱ्हाइकं अजून तिथे येतात, कुलपाकडे बघतात आणि कासऱ्यासाठी पुढे जातात. काका पुण्याला गेल्यावर वडिलांनी गवंडी आणला होता. आता अडवायला कुणी नव्हतं. वडील त्या पायरीपाशी गेले आणि गवंड्याला म्हणाले, ‘‘राहू दे. चांगली आहे.’’ कॉलेजला जाताना मी मुद्दाम पलीकडून, त्या पायरीवरून जाते. तिथे आलं की माझा पाय आता आपोआप वर उचलला जातो.

काकांचा फोन अधूनमधून येतो. बहुतेक वेळा एखाद्या दवाखान्यातून. वय झालंय, काही ना काही निघतं. आधी विचारतात, ‘‘साता आहे ना, मौनी?’’ मी आता मान हलवत नाही, ‘हो’ म्हणते. मग आवाज बारीक करून सांगतात, ‘‘डॉक्टर समोर बसलेत. जुनं काही आहे का विचारतायत. आपलं तर मिटलेलं. मी कसं काढू? तू सांग.’’ आणि फोन पुढे करतात. पलीकडून एक अनोळखी आवाज म्हणतो, ‘‘हॅलो? कोण बोलतंय?’’ दर वेळी मला काकांचा तो जपून धरलेला हात आठवतो. आणि मग मी त्या दिवशी दार धरून जे बोलले होते तेच, तेवढंच, मोठ्यानं म्हणते:

‘‘काकांनी किडनीला माफ केलंय, म्हणून ते सांगत नाहीत. पण तिला मार बसलेला आहे. तुम्ही जपा.’’